कोपऱ्याच्या घराची संमती

दि. ४ मार्च

चि. धाकट्यास,
ताईचे अनेक आशीर्वाद. वि. वि. दोन महिने तुझं पत्र नाही, म्हणजे सगळं ठीक असणार. अडचण आली की तुला बरोबर लिहायला सुचतं.

इथे पालिकेला आपल्या गल्लीचा पुळका आलाय. फरसबंदी, गटार, दिवे, सगळं करणार आणि खर्च घरमालकांकडून घेणार. घराची जेवढी बाजू रस्त्याला, तेवढ्या फुटांवर. परवा अभियंता टेप घेऊन आला. आपलं घर कोपऱ्याचं, म्हणून दोन्ही बाजू मोजल्या. मी म्हटलं, मी एकाच दाराने बाहेर पडते. तो म्हणाला, दार नियमात येत नाही. असल्या माणसाला मी पाणीसुद्धा विचारलं नाही.

गल्लीत घरं अकरा. पालिकेतल्या सुनावणीपर्यंत सहा घरांची लेखी हरकत आली तर काम रद्द. पाच तयार आहेत, सहावे आपण. घर दोघांच्या नावावर, म्हणून तुझीही सही लागते. शेजारचे बुकबाइंडर नवराबायको हवालदिल झालेत. त्यांच्यावर बसणारा आकडा वर्षाच्या कमाईएवढा आहे. अर्ज सोबत आहे. लोभ आहेच, त्याचा पुरावा उलटटपाली यावा.
तुझी ताई

दि. १९ मार्च

ती. ताईस,
सा. न. वि. वि. अर्ज मिळाला. विमा कचेरीत वर्षअखेरीची धांदल, त्यात माझ्या हाताखाली सगळे दगड.

खरं सांगू? तुम्ही गल्लीवाल्यांनी चिखलात इतकी वर्षं काढलीत की कोरड्या जमिनीचीच भीती वाटते तुम्हाला. रस्ता झाला की घराला भाव येईल. शिलाई मशीनवर मान घालून बसलं की हे दिसत नाही, त्यात तुझा दोष नाही. बुकबाइंडरांना झेपत नसेल तर त्यांनी झेपेल तिथे राहावं. सुनावणीआधी माझा कागद पोचेल, काळजी नसावी. प्रकृतीस जप आणि आमच्यावरची माया पातळ होऊ देऊ नकोस.
तुझा धाकटा

दि. ८ नोव्हेंबर

धाकट्या,
आशीर्वाद विसरले नाही, गाळले आहेत.

तुझा कागद पोचला. माझ्याकडे नाही, थेट पालिकेत. सुनावणीला सगळी गल्ली बसली होती. अभियंत्याने आपल्या घराचा नंबर पुकारला आणि सांगितलं, ही हरकत धरता येत नाही, सहमालकाची संमती आली आहे. मग तुझं पत्र मोठ्याने वाचलं. "माझी बहीण वयस्कर असून तिला व्यवहार कळत नाही." दहा घरांची माणसं माझ्याकडे वळून बघत होती. त्याने विचारलं, सही भावाचीच ना. मी म्हटलं, "त्याचीच. अक्षरं मीच गिरवून घेतली होती."

हरकती पाचच भरल्या. रस्ता झाला. माझ्या वाट्याचे हप्ते मी भरते. तुझ्या वाट्याची नोटीस तुझ्या पत्त्यावर धाडायला सांगितली आहे.

बुकबाइंडरांना घर विकावं लागलं. माझ्या हिश्श्याची पुढची खोली मी त्या दोघांना हयातभर राहायला रीतसर नोंदणी करून दिली. माझं मशीन आता तुझ्या खोलीत आहे. तू पाठवलेला दलाल काल आला होता. बाहेरून दोन्ही बाजू बघून खूश झाला. आत खळीची भांडी आणि पुठ्ठ्यांची चळत बघितली, नोंदणीचा कागद वाचला, आणि असलं घर कोणी घेणार नाही म्हणून नव्या फरशीवरून निघून गेला. व्यवहार मला एवढाच कळतो.

पत्राच्या शेवटी लोभ असावा असं लिहायची रीत आहे. तुझ्याकडे तो आधीच भरपूर आहे.
ताई