दोमितिलाच्या दाखल्यावर जगलेल्या नेलिदाचे मृत्युपत्र

घडले ते असे:

१. ७ मे १९९० रोजी पुकाकोचाच्या माळावर साकारियास सोंक्को आणि हुस्तिना लाय्मे यांना मुलगी झाली. बाबा पाच तास चालून सिकुआनीच्या नोंदणी कचेरीत गेले आणि जन्माचा दाखला घेऊन आले. नाव दोमितिला.

२. जुलै १९९१ मध्ये दोमितिला खोकल्याने वारली. मृत्यूची नोंद केली नाही.

३. १९ नोव्हेंबर १९९३ रोजी मी जन्मले. घरात नाव नेलिदा. जन्माची नोंद केली नाही.

४. शाळेत घालताना माझ्यासाठी दोमितिलाचा दाखला दिला.

५. भूमापनाची पदविका, ओळखपत्र, नोकरी आणि घर, सर्व त्याच दाखल्यावर झाले. दोमितिलाने मरणानंतर आठ वेळा मतदान केले आहे. एकदाही चुकवले नाही.

६. २० जून रोजी कुस्कोला माझ्या हृदयाच्या झडपेची शस्त्रक्रिया आहे.

वरील सहाव्या कारणास्तव मी हे स्वहस्ते लिहीत आहे. वय पंचवीस, कागदोपत्री एकोणतीस. अविवाहित, अपत्य नाही. बुद्धी शाबूत आहे, कोणाचे दडपण नाही. थकवा आहे, तो झडपेचा आहे असे डॉक्टर म्हणतात. सगळाच तिचा नसावा.

घर. सिकुआनीच्या चढावरचे दोन खोल्यांचे मातीच्या विटांचे घर बाबांना द्यावे. आई वारली आहे आणि मला मूल नाही, त्यामुळे कायद्याने बाबांचा वाटा ठरलेलाच आहे. तो मी कापू शकत नाही. उरलेला भागही त्यांनाच देत आहे, हे माझ्या मर्जीने. पूर्वेची हद्द शेजाऱ्याने चाळीस सेंटिमीटर आत सरकवली आहे. नकाशा पेटीत आहे. बाबांनी भांडू नये, फक्त नकाशा दाखवावा.

अवजारे. लेव्हल, तिपाई, पितळी ओळंबा आणि पन्नास मीटरची टेप इलारिओ टिटो यांना द्यावी. सहा वर्षे ते माझ्यापुढे मोजपट्टी धरून उभे राहिले आणि ती एकदाही तिरकी धरली नाही. साक्षीदार व्हाल का, असे विचारले तेव्हा म्हणाले, “होतो की, ताई. पण मेलेल्या बाईच्या सहीला साक्ष द्यायची म्हणजे पोलीस कुणाला धरणार, मला की तिला?” त्यांना काही द्यायचे ठरवलेले मी सांगितले नव्हते. ज्याला काही मिळते त्याची साक्ष चालत नाही, म्हणून ती शेजारच्या एउलालियाबाईंच्या भाच्याने द्यावी असे ठरले.

शेगडी आणि भांडी याच एउलालिया चोके यांच्या धाकट्या बहिणीला, कारण एउलालियाबाईही साक्षीदार आहेत. माझे ओळखपत्र पाहून त्या म्हणाल्या होत्या, “एकोणतीस? मग कातडी पंचविशीची कशी ठेवलीस? काय लावतेस, मलाही सांग.” मी तेव्हा हसले. सांगायला हवे होते.

बँकेत जे आहे त्यातून दोमितिलासाठी दगड घडवावा. पुकाकोचाच्या स्मशानात तिच्या जागी तीन पांढरे धोंडे आहेत, क्रूस नाही. आईने जाण्याआधी मला ती जागा दाखवली. मी मोजून ठेवली आहे: मोजणीवही पान ४१, बिंदू १७. धोंडे हलले तरी जागा सापडेल.

आता ज्याची वाटणी होत नाही त्याबद्दल.

दिवाणी संहितेचे पहिले कलम सांगते की माणूस जन्मापासून हक्कांचा धनी असतो. एकसष्टावे सांगते की मृत्यूने व्यक्ती संपते. मधे एकोणसाठ कलमे आहेत: नाव, वास्तव्य, सज्ञानपण. त्यांतले एकही मी माझ्या नावाने जगलेले नाही. मार्चमध्ये मी माझ्या जन्माची नोंद करायला कचेरीत गेले. कारकून बाई सभ्य होत्या. म्हणाल्या, “तुमच्या जन्माचा साक्षीदार आणा. जिवंत असलेला.” असा एकच आहे.

बाबांना मी दोनदा विचारले. पहिल्या वेळी ते चुन्यो, म्हणजे गोठवून वाळवलेले बटाटे, सोलत होते. मान वर न करता म्हणाले, “पाच तास चालून आणलेला कागद. पोर गेली, कागद धडधाकट होता. टाकून द्यायचा होता का?” मला ते पटले. मीही टाकला नसता.

दुसऱ्या वेळी, इस्टरला, ते चिडले. “काय कमी पडलं तुला त्या नावानं? शिकलीस, नोकरीला लागलीस. तिथं का होईना, ती जगतीये. आता तिला मारायला मला कचेरीत नेतेस?”

मी माळ उतरून पायथ्याला आले आणि सिकुआनीला येणाऱ्या दुधाच्या ट्रकमध्ये बसले.

त्यांच्या प्रश्नाचे उत्तर आता लिहिते. मोजणीत पहिल्या बिंदूवर चूक झाली तर ती पुढच्या प्रत्येक बिंदूवर जाते. ती पुढे वाटून टाकता येत नाही, परत पहिल्या बिंदूवर जावे लागते. मी शस्त्रक्रियेत गेले तर मृत्यूचा दाखला दोमितिलाच्या नावाने निघेल. म्हणजे बाबा जिला जपतात ती त्या दिवशी मरेल, आणि मी जन्मलेच नव्हते असे होईल. बाबांच्या नावावर एकही मुलगी उरणार नाही. ते कचेरीत आले तर दोन असतील. एकीपुढे मृत्यूची तारीख असेल, एवढेच.

तक्रार एकच नोंदवते. आईने दोमितिलासाठी विणलेली लाल टोपी बाबांच्या कोकाच्या पानांच्या पिशवीत तळाशी असते. लहानपणी मी ती घातली तेव्हा त्यांनी काढून घेतली. नाव मला दिले, टोपी दिली नाही. ती मला नको आहे. ती तिचीच राहावी.

साक्षीदार: एउलालिया चोके, रुफिनो चोके (त्यांचा भाचा).
सही: दोमितिला सोंक्को लाय्मे, ओळखपत्राप्रमाणे.
सही: नेलिदा सोंक्को लाय्मे. ही सही मी पहिल्यांदाच करत आहे.
सिकुआनी, रविवार, २ जून २०१९.

बाबा, याची नक्कल इलारिओ तुम्हाला वाचून दाखवतील. कचेरीने सोमवार, १७ जून, सकाळी नऊची वेळ दिली आहे. तुम्ही येणार की नाही, एवढेच दुधाच्या ट्रकवाल्याजवळ सांगावे. शुक्रवार, १४ जूनपर्यंत उत्तर द्यावे.