हिरवा दिवा लागेना

सोमवार, ३ मार्च २००३
कार्ड लागत नाही! पत्त्याएवढी चपटी पट्टी. लॅपटॉपच्या कडेच्या फटीत सरकवायची, तिच्या शेपटीला इंटरनेटची तार जोडायची — दुकानदार म्हणाला, पाच मिनिटांचं काम. माझा अख्खा दिवस गेला. हिरवा दिवा काही लागेना.

रविवारी आमची लेक मारिबेल दुबईहून पडद्यावर दिसणार आहे. ती गेली तेव्हा तिची बेबांग अंगावर पीत होती. आता पोरीला चौथं लागलंय. मे महिन्यात मारिबेल तिला कायमची न्यायला येणार. फोनवर म्हणाली, "बाबा, आधी माझं तोंड तरी ओळखीचं होऊ दे तिच्या. नाहीतर विमानतळावर भोकाड पसरेल."

मंगळवार
लॅपटॉप म्हणतो, सीडी घाला. सीडी घालायला त्याला तोंडच नाही! शेजारच्या अन्सेल्मोने सगळं फ्लॉपीवर उतरवून आणलं. तरी यादीत कार्डाच्या नावापुढे पिवळी खूण. अन्सेल्मो म्हणाला, "पारे, दोस्ता, तू जीपनी गाड्यांची इंजिनं खोललीस जन्मभर, हे कार्ड तुला ऐकेना?" वर दोन वाट्या मोलो सूप ओरपून गेला.

बुधवार
आज चिमट्याने कार्ड बाहेर ओढलं, तर काय — त्यावर दिसेल न दिसेलसं पातळ प्लॅस्टिक! पुरिंगने, माझ्या बायकोने, कार्ड आणल्या दिवशीच नीट गुंडाळून ठेवलं होतं. टीव्हीचा रिमोट गुंडाळते तसं. सोफ्यावरचं प्लॅस्टिक अजून निघालेलं नाही, तिथे कार्डाची काय कथा.

"खाऱ्या हवेने गंजलं असतं," म्हणते. "नवी वस्तू उघडी ठेवतात का?"

मी काहीबाही बोललो. जरा जास्तच बोललो. प्लॅस्टिक सोललं, कार्ड खटकन बसलं. हिरवा दिवा लागला!

गुरुवार
दिवा गेला. कार्ड अर्धं बाहेर आलेलं. पुन्हा दाबून बसवलं.

शुक्रवार
पुन्हा बाहेर! फटीत कागदाची घडी सरकवली. बेबांगला दम दिला, हात लावायचा नाही. ती म्हणाली, "मी नाही लावला, लोलो." ओठ काढून बसली. आजोबाला ती लोलो म्हणते, आजीला लोला. दुकानदाराला फोनवर नाही नाही ते बोललो. अन्सेल्मोच्या मते खटका सैल आहे. मला तर हा लॅपटॉपच डबक्यात फेकून द्यावासा वाटतो.

शनिवार
दुपारी पाणी प्यायला उठलो. पुरिंग लॅपटॉपपाशी उभी. कडेचं बटण अंगठ्याने दाबत होती, ज्याने कार्ड बाहेर येतं ते.

मी म्हटलं, "पुरिंग, हे काय चाललंय?"

ती दचकलीही नाही. "पोरगी आज माझ्या कुशीत झोपते," म्हणाली. "तिकडचं तोंड एकदा ओळखीचं झालं की ती हसत जाईल हो. थोडं रडून जाऊ दे की तिला."

मी चिडलो. आई आहे ती तिची, म्हटलं. आपली पोर आहे मारिबेल. पुरिंगने कार्ड आत ढकललं आणि भात लावायला गेली.

रविवार
चर्चमधून मास आटोपून आलो, लॅपटॉप लावला. मारिबेल दिसली! वाळली आहे. पुरिंग दारात उभी राहिली, पुढे आली नाही.

मारिबेलने विचारलं, "बेबांग, मी कोण?"

"लोलाची मारिबेल."

मारिबेल हसली. मग तिने बोट तुटून हातात आल्याचं सोंग केलं, आणि बेबांग खदखदून हसली. पडद्याला नाक लावून बसली. "उद्या पण?" "उद्या पण." सूप निवून गेलं तरी उठेना.

मी जिंकलो. कार्ड छान चालतंय.

सोमवार
बेबांग दिवसभर तिथेच. पुरिंगने जेवायला तीनदा हाक मारली. मीही मारली. "थांब, आई येईल आता," म्हणाली. आई म्हणाली. रात्री झोपली तीसुद्धा पडद्याकडे तोंड करून.

मंगळवार
मारिबेलचा फोन. "बाबा, आज दिसलाच नाहीत तुम्ही, काय बिघडलं?" मी म्हटलं, कार्ड पुन्हा बंद पडलंय, बघतो.

कार्ड माझ्या शर्टाच्या खिशात होतं.