झोपडीतली वही

हिएतानिएमी,
२४ ऑक्टोबर १९७१

ती. केर्ट्टूताईस,
यालोचा सा. न. वि. वि.

आईचे गुडघे तसेच आहेत, बटाटे तळघरात गेले, आणि मी वनविद्येचं कॉलेज अर्ध्यावर सोडलं हे आईने तुला कळवलंच असणार. शिव्या पुढच्या पत्रात दे, आधी हे पुरतं वाच.

तिसऱ्या सरोवरातल्या बेटावरची इन्केरी, कोळ्याची मुलगी. उन्हाळ्याच्या सणात काठावर शेकोटी पेटवतात तेव्हा माझ्याबरोबर नाचलेली, ती. पोस्टमन म्हणाला, तिला स्वीडनच्या कारखान्यातून नोकरीचं पत्र आलंय. आता कधीही सरोवर गोठायला लागेल. मग होडी चालत नाही आणि पायही ठेवता येत नाही. महिनाभर बेट तुटलेलं. बर्फ पक्कं झालं की ती स्कीवरून स्टेशन गाठणार आणि जाणार. हातात बॅग घेऊन गाडीची वाट बघणाऱ्या मुलीला काय विचारायचं, तूच सांग! पत्रात मला जमत नाही, चार फाडली. म्हणून बर्फाच्या आधी मी जाणार. कयाक, माझी ती अरुंद कापडी होडी, काढून ठेवलीय. शेजारचा तार्मो त्याची कयाक घेऊन सोबत येतो म्हणालाय, पण तोंड असं केलंय की जणू त्याला कोणी फासावर नेतंय.

मला झोप नाही, भूक नाही. तुझी माया आहे, तेवढी राहू दे.
तुझा,
यालो

———

कुओपिओ,
२९ ऑक्टोबर १९७१

चि. यालोस, अनेक आशीर्वाद.

शिव्या राखून ठेवल्यात, काळजी नसावी. ती तुझ्याबरोबर दोनदा नाचली आणि त्यात एकदा तू तिच्या पायावर बूट ठेवलास, असं तूच जुलैत लिहिलं होतंस. एवढ्यावर कॉलेज सोडणारा आपल्या घराण्यात तू पहिलाच.

जाशीलच, तुला कोण अडवणार! पण दोन गोष्टी ऐक. तार्मोला पाणी कळतं, त्याचं मान. आणि मधल्या सरोवरावरच्या वाटसरूंच्या झोपडीत उतराल तेव्हा तिथल्या वहीत नाव, तारीख आणि पुढे कुठे निघालात ते नीट लिही. त्या वादळात हरवलेले बाबा शोधणाऱ्यांना सापडले ते वहीतल्या एका ओळीमुळे. तू तेव्हा पाच वर्षांचा होतास, मी दारात उभी होते.

लोकरीचे मोजे पाठवलेत. ओले झाले तरी ऊब देतात. तशीच मीही आहे असं समज.
तुझी ताई,
केर्ट्टू

———

बेटावरून,
१४ नोव्हेंबर १९७१

ती. केर्ट्टूताईस, सा. न. वि. वि.

हे पत्र बर्फ माणसाला पेलेपर्यंत इथेच पडून राहणार. तरी लिहितोय, कारण हात स्वस्थ बसत नाहीत.

पहिल्या दिवशी दोन सरोवरं आणि मधला अरुंद पाट पार केला. पाणी काळं, काठचे बर्च उघडे. तार्मो सारखा नाक वर करून म्हणायचा, बर्फाचा वास येतोय. मी म्हणालो, तुझ्या आजीच्या लोणच्याचा असेल. झोपडीत राय ब्रेड आणि सॉसेज खाऊन झोपलो. सकाळी काठावर काचेसारखी साय धरलेली! तार्मो म्हणाला, परत फिरू, कापडी कयाक आहे, बर्फ सुरीसारखं कापतं. मी त्याला भित्रा म्हणालो. त्यावर तो शांतपणे म्हणाला की, इन्केरीबद्दल तू जेवढं बोलतोस तेवढं ती स्वतःबद्दल आयुष्यात बोलली नसेल. ताई, माझं डोकं फिरलं.

पुढच्या वाटसरूसाठी सरपण फोडून ठेवायला तो बाहेर गेला. मी वही उघडली. पेन्सिल हातात घेतली आणि लाज वाटली. ती वही पोस्टमनपासून पाद्र्यापर्यंत सगळे वाचतात. मी पोरीमागे धावतोय याची चर्चा गावभर झाली असती. मी लिहिलं, “यालो आणि तार्मो, दोघेही घराकडे परत.” आणि एकटाच उत्तरेकडे निघालो.

तिसऱ्या सरोवरात कापड फाटलं. एका उघड्या खडकावर छातीपर्यंत ओला बसलो होतो. काड्या भिजलेल्या. तेव्हा मला बाबा आठवले, आणि माझी ओळ आठवली. शोधायला निघाले तर लोक दक्षिणेला जातील! एवढी भीती मला कधी वाटली नव्हती.

दोन तासांनी तार्मो आला. मी फोडत गेलेल्या बर्फाची काळी रेघ धरून. त्याने आधी शेकोटी पेटवली, माझे मोजे बदलले, आणि मग बोलला. ते इथे लिहिण्यासारखं नाही. धूर पाहून इन्केरीचे वडील वल्ह्याने बर्फ फोडत आले. होडीत इन्केरी. दुसऱ्या दिवशी सरोवर बंद झालं, मी आणि तार्मो इथे अडकलो. तार्मो जाळी विणतो, मासे खातो, मजेत आहे.

मी इन्केरीला विचारलं. तार्मोने तिला वहीचं आधीच सांगितलं होतं. ती म्हणाली, जो झोपडीच्या वहीत खोटं लिहितो त्याच्या बोलण्यावर मी काय उत्तर देऊ? आधी ते दुरुस्त कर. स्वीडनला तिचा होकार कळवून झालाय, शेवटच्या होडीने तिचं पत्र गेलं. ताई, मी या बेटाला दिवसातून सात फेऱ्या घालतो.

रागावलीस तरी लिहीत जा.
यालो

———

कुओपिओ,
८ डिसेंबर १९७१

चि. यालोस, आशीर्वाद (आज नाइलाजाने).

पत्र आज मिळालं. तुम्ही परतला नाहीत तेव्हा तीन दिवस आईचं काय झालं असेल ते विचार. पोलीस अंमलदार काठाकाठाने झोपडीपर्यंत जाऊन आले नि वहीतलं उतरवून आणलेलं त्यांनी फोनवर आईला वाचून दाखवलं. तुझ्या ओळीखाली ठसठशीत अक्षरात होतं, “खोटं. गाढव इन्केरीकडे गेलंय. मी त्याच्यामागे. तार्मो.” एवढ्या ओळीवर आई तगली. गावात मात्र आता कोणाला काही सांगायचं राहिलेलं नाही.

मुलगी शहाणी दिसते. तिचं ऐक.
केर्ट्टू

———

हिएतानिएमी,
१३ डिसेंबर १९७१

ती. केर्ट्टूताईस, सा. न. वि. वि.

काल बर्फ आम्हा तिघांना पेललं; इन्केरीचे वडील त्याआधीच एकटे काठीने बर्फ चाचपत पलीकडे गेले होते, माझं मागचं पत्र त्यांनीच टाकलं. आम्ही तिघे स्कीवरून निघालो, इन्केरीच्या पाठीवर बॅग. झोपडीत मी वही उघडली, माझी ओळ खोडली आणि लिहिलं, “यालो. घराकडे नाही, इन्केरीकडे गेलो होतो. खोटं लिहिलं, चुकलो.” तार्मोची ओळ वाचून ती इतकी हसली की तिला बाकावर बसावं लागलं.

मग तिने पेन्सिल माझ्या हातातून घेतली, तारीख घातली, आणि लिहिलं, “इन्केरी. आधी स्वीडन. मेमध्ये बर्फ फुटलं की यालोकडे.”

आज तिची गाडी गेली. जानेवारीत मी कॉलेजात परत नाव घालतोय, आईला सांग. मला सांगवत नाही. मे किती लांब आहे ताई! दर तासाला खिडकीतून बर्फ बघतो, ते वाढतंच आहे. पण तिने ते वहीत लिहिलंय. आणि तिथे ती खोटं लिहिणारी नाही.

मोजे अजून ऊब देतात. तसाच लोभ ठेव.
तुझा,
यालो