कठड्याच्या आतली खूण

बाबा, परवा मुरुडच्या पुढच्या त्या विहिरीवर जाऊन आले. कोणती ते तुम्हाला सांगायला नको. तुमच्याकडे मोजायला कितीतरी विहिरी होत्या, पण आपल्या घरात ‘ती विहीर’ म्हटलं की एकच. तुम्हाला जाऊन पंधरा वर्षं झाली. एवढ्या वर्षांत मी लातूरहून त्या रस्त्यानं बार्शीकडे लग्नाकार्याला अनेकदा गेले, पण फाट्यावर कधी गाडी वळवली नाही. परवा वळवावी लागली, कारण जिल्ह्यातल्या जुन्या निरीक्षण विहिरींची आजची स्थिती पाहायचं काम नांदेडला आमच्या विभागाकडे आलं आणि विभागात भूजल शिकवणारी मी एकटीच. विभागातली पोरं दुसऱ्या गावातल्या विहिरी बघत होती, मी एकटीच गेले. बरं झालं एकटी गेले.

निरीक्षण विहीर म्हणजे काय, हे शिकवायला मी वर्गात पूर्ण तास घेते. तुम्ही ते मला भाकरी खाता खाता सांगितलं होतं. गावातली एक विहीर ठरवायची, वर्षातून चार वेळा तिथं जायचं आणि कठड्यावरच्या ठरलेल्या खुणेपासून पाणी किती खाली आहे ते मोजून वहीत लिहायचं. संपलं. साहेब लोक ऑफिसात नकाशे रंगवायचे आणि तुम्ही बसनं, जीपनं, नाही तर सरळ पायी विहिरीवर. आधी आत एक खडा टाकायचात आणि मान तिरकी करून ऐकायचात. पाणी आहे, गाळ आहे की नुसताच खडक, ते आवाजावरून कळतं म्हणायचात. मग लोखंडी टेपच्या टोकाला हातभर खडू घासायचा, टेप सोडायची, वर ओढायची आणि खडू कुठपर्यंत भिजलाय ते वाचायचं. असं तीन वेळा. शर्टाचा खिसा कायम पांढरा. आई धुताना म्हणायची, मास्तरची बायको व्हायचं राहिलं, नशिबी खडू तेवढा आला. तुम्ही हसायचात, पण खडू खिशातच ठेवायचात.

तीनदा कशाला, एकदा पुरत नाही का, असं मी एकदा विचारलं होतं. तुम्ही म्हणालात, “आपलं लिहिलेलं लोक दोनदा तपासतेत. म्हणून आपण तीनदा मोजायचं.” आपलं म्हणजे कुणाचं, हे मला तेव्हाही विचारावं लागलं नाही. आजोबा विहिरीपासून लांब उभे राहून कुणी वरून पाणी ओतेल याची वाट बघायचे. पुढे ते बौद्ध झाले, पण गावातली विहीर तीच राहिली. त्यांचा मुलगा सरकारी टेप घेऊन गावोगावच्या विहिरींत वाकतो, याचं त्यांना फार अप्रूप होतं. त्या मुरुडकडच्या विहिरीवर पहिल्यांदा गेलात तेव्हा मालकाच्या आईनं आधी तुमचं आडनाव विचारलं आणि मग विचारलं, टेप पाण्याला लागंल का? तुम्ही सांगितलंत, लागल्याबिगर मोजायचं कसं, आजी? हा किस्सा घरी सांगताना तुम्ही इतके हसायचात की मलाही तो गमतीचाच वाटायचा. आता वाटत नाही.

मी भूशास्त्राला प्रवेश घेतला तेव्हा तुम्ही मला टेप दिलीत. ऑफिसची नव्हे. ती निवृत्त होताना जमा केलीत, पावतीसुद्धा घेतलीत. ही तुम्ही स्वतः लातूरच्या गंजगोलाईच्या बाजारातून आणलेली होती, औषधाच्या जुन्या डब्यात गुंडाळून, वर खडूचे दोन तुकडे. मी थँक्यू म्हणाले आणि डबा खणात टाकला. आमच्याकडे तेव्हा पाण्याला टेकलं की आवाज करणारं यंत्र आलं होतं. खडू घासत बसायची मला लाज वाटली, हे खरं.

मग पीएचडी. विषय तुमचाच, पाण्याची पातळी. तुम्ही आणि तुमच्यासारख्यांनी मोजलेले जुने आकडे आता कॉम्प्युटरवर चढले होते. मी त्यांचे गठ्ठेच्या गठ्ठे छापून आणले आणि रात्रंदिवस त्यांत डोकं घालून बसले. तुमच्या विहिरी मी मुद्दाम शेवटी ठेवल्या होत्या, गोड पदार्थ शेवटी ठेवतात तशा. आणि तिथंच अडले. त्या विहिरीच्या ऑफिसातल्या कार्डावर लिहिलं होतं की मालकानं कठडा दोन फुटांनी वाढवला, शेजारी फोटोही होता. कठडा दोन फूट वर गेला तर टेपही दोन फूट जास्त उतरायला हवी. तुमच्या आकड्यांत ती दोन फुटांची उडी कुठं नव्हतीच. कठडा वाढलेला जणू तुम्ही पाहिलाच नाही. मी दोन दिवस तो कागद उलटासुलटा केला आणि मला एकच अर्थ दिसला. माणूस विहिरीवर गेलाच नसेल, मागचे आकडे बघून घरी बसून पुढचे लिहिले असतील, तरच असं होतं.

तो दिवस मला अजून डोळ्यांसमोर दिसतो. आई शेंगा भाजते आहे, घरभर वास आहे. तुम्ही पाटावर बसलाय, समोर भाकरी आणि शेंगदाण्याची चटणी. मी कागद तुमच्या ताटाशेजारी ठेवते. जेवण होईपर्यंत थांबणं मला जमत नाही. मी म्हणते, बाबा, ही विहीर तुम्ही घरी बसून लिहिलीय. आई भाजायची थांबते. तुम्ही घास खाली ठेवता, कागद हातात घेत नाही, नुसताच बघता. मग उठून हात धुता, पुसता आणि दारापाशी जाऊन म्हणता, “खूण आत हाय. उगवतीच्या अंगाला. जाऊन बघ.” एवढंच. रागावला असतात तर मला बरं झालं असतं. मी भांडायच्या तयारीनंच आले होते.

जाऊन बघते म्हणाले. आठवड्यानं तुम्ही अंगणात खुर्ची टाकून बसला होतात तेव्हा विचारलंत, गेली होतीस का? मी सांगितलं, गेले होते, खूण दिसली नाही. तुम्ही हातातला पेपर घडी करून मांडीवर ठेवलात. मग विचारलंत, “कठड्याशेजारचा लिंब हाय का अजून?” मी म्हणाले, “हाय की. मोठा झालाय.” बरं, असं म्हणून तुम्ही पेपर उघडलात. मला वाटलं, म्हातारपणी माणसाला झाडं आठवतात.

माझे मार्गदर्शक म्हणाले, एका विहिरीचे आकडे बसून लिहिणारा बाकीच्यांचेही लिहू शकतो, त्या माणसाचं सगळंच बाजूला काढ. तो माणूस माझा बाप आहे हे त्यांना माहीत नव्हतं आणि मीही सांगितलं नाही. तुमच्या सगळ्या विहिरी मी काढून टाकल्या. प्रबंधात एक ओळ लिहिली, प्रत्यक्ष पाहणीत मोजणीची खूण आढळली नाही, सबब या निरीक्षकाच्या नोंदी विश्वासार्ह नाहीत. नाव लिहायची पद्धत नसते म्हणून तुमचं नाव तेवढं त्यातून सुटलं. तुमच्या विहिरींचंच पाणी सगळ्यात झपाट्यानं खाली जात होतं. त्या काढल्यावर माझी रेषा सौम्य झाली, सुबक झाली, आणि या पट्ट्यात अजून उपशाला वाव आहे असं मी लिहून मोकळी झाले. पुढे ते वाक्य कुठल्या कुठल्या अहवालांत गेलं. माझ्या एका वाक्यानं तिथं बोअर पडले असं मी म्हणत नाही, लोक कुणाचे प्रबंध वाचून बोअर मारत नाहीत. पण थांबा म्हणणारे आकडे तुमच्याच वहीत होते आणि ते मी काढले होते.

डॉक्टर झाले तेव्हा तुम्ही पेढे वाटलेत. प्रबंधाची जाडजूड प्रत मी तुम्हाला दाखवली नाही, इंग्रजीत आहे म्हणाले. तुम्ही ती न विचारता कपाटावरून काढून पाहिली होती, असं आईनं फार नंतर सांगितलं. इंग्रजी तुम्हाला जेमतेम यायचं, पण विहिरींच्या यादीत आपल्या विहिरी नाहीत हे बघायला इंग्रजी कशाला लागतंय? त्याच हिवाळ्यात तुम्ही गेलात. छातीत दुखतंय म्हणालात, आणि दवाखान्यापर्यंतही पोहोचलो नाही.

आता परवाचं सांगते. रस्ता रुंद होतोय, म्हणून जेसीबीनं विहिरीचा अर्धा कठडा पाडलाय. विहीर कोरडी ठाक, तळाला खडक, प्लास्टिकच्या पिशव्या आणि एक तुटका पाईप. मालक आता स्वतःच म्हातारे झालेत, काठी टेकत आले. त्यांनीही आधी आडनावच विचारलं. मी सांगितलं तसं माझ्या तोंडाकडे बघत राहिले. म्हणाले, “मोजायला यायचे ते तुमचे वडील का? लई वाकायचे बगा आत. मी म्हणायचो, साहेब पडताल. मीच धरायचो त्यांना मागून, कमरंच्या पट्ट्याला.”

मी विचारलं, वाकायचे कशाला, टेप तर वरूनच सोडतात. ते म्हणाले, “नवा कठडा त्यांना चालंना. म्हणायचे, जुन्या खुणेपासूनच मोजायचं, न्हाई तर पहिल्या सालापासूनचं समदं तुटतंय.” आणि काठीनं उगवतीकडची बाजू दाखवली. जेसीबीनं तिथलं वरचं बांधकाम उचकटलं होतं. खाली जुने दगड, आणि त्यांच्या आतल्या अंगाला छिन्नीनं मारलेली आडवी रेघ. तांबडा रंग उडालाय, पण रेघेत अजून थोडा शिल्लक आहे. शेजारी टेप अडकवायला ठोकलेला खिळा, गंजलेला. तुम्ही दर खेपेला कठड्यावर पोट टेकवून, अर्धं अंग विहिरीत सोडून तिथपर्यंत हात नेत होतात. तेही तीन तीन वेळा. पन्नाशी उलटलेला माणूस. आणि ज्या घरात टेप पाण्याला लागेल का म्हणून विचारलं होतं, त्याच घरातला माणूस तुमचा पट्टा धरून उभा राहायचा. हे तुम्ही घरी कधी सांगितलं नाहीत. कठड्याबद्दल तुम्ही वहीच्या शेऱ्याच्या रकान्यात लिहिलंही असेल. कॉम्प्युटरवर चढवताना तो रकाना कुणी घेतलाच नाही.

मी डबा बरोबर नेला होता. का, ते सांगता येणार नाही. खडू घासला, टेप त्याच खिळ्याला लावून सोडली, वर ओढली. खडू शेवटपर्यंत कोरडा. तरी तीनदा सोडली. मी वाकले तेव्हा म्हातारे माझ्या पर्सचा पट्टा धरून उभे राहिले. तिथंच मला रडू आलं आणि मी ते लपवलं नाही.

काल दिवसभर विभागात बसून दुरुस्तीचं टिपण लिहिलं. तुमच्या सगळ्या विहिरी परत घ्यायच्या, रेषा नव्यानं काढायची, त्या निरीक्षकाचे आकडे बरोबर होते असं स्पष्ट म्हणायचं. टिपण चांगलं झालंय, हे काम मला येतं. पहिली ओळ अशी आहे, पुन्हा पाहणी केली असता खूण आढळली. ही ओळ मी संध्याकाळपर्यंत पंचवीस वेळा वाचली असेल. वाचणारा समजेल, बाईंच्या नजरेतून पहिल्यांदा सुटली, होतं असं. मला कुणी बोल लावणार नाही. उलट मोठेपणाच देतील, स्वतःची चूक स्वतः सुधारली म्हणून. पण पहिल्यांदा म्हणजे कधी, बाबा? त्या आठवड्यात मी मुरुडपर्यंत गेले होते, तेवढंच. मे महिन्यातलं ऊन, पुढची जीप भरेना. बसस्टँडसमोरच्या रसवंतीत बसून दोन ग्लास रस प्यायले, अंगाला घाम, आणि मनात पक्कं ठरलेलं की तिथं काही नसणार, उगाच कशाला जायचं. तशीच लातूरची बस धरली. दौऱ्याच्या तक्त्यात विहीर पाहिली असं लिहिलं. घरी बसून.

परवा विहिरीवरून निघताना मालकांना सहज विचारलं, इथं कडुलिंबाचं झाड होतं ना? ते म्हणाले, व्हतं की, त्याच्या मुळ्यांनी जुना कठडा फोडला, म्हणून आधी झाड पाडलं आणि मग कठडा वाढवला. म्हणजे तुम्ही निवृत्त व्हायच्या कितीतरी आधी. त्यानंतर वर्षानुवर्षं तुम्ही त्या उघड्या जागेत उन्हात उभे राहून मोजत होतात. लिंब नाही हे तुमच्याइतकं कुणाला माहीत असणार? तरी तुम्ही मला विचारलंत. विहिरीत आधी खडा टाकून ऐकायचात, तसं. आणि माझ्याकडून काय आवाज आला ते ऐकून पेपर उघडलात, पेढे वाटलेत, आणि मरेपर्यंत कुणाला सांगितलं नाहीत, आईलासुद्धा. मला वाटत होतं की तुम्ही अपमान गिळून गप्प बसलात. तुम्ही तर मला झाकत होतात.

टिपण अजून टेबलावर आहे, पहिली ओळ तशीच. ‘पुन्हा’ खोडलं तर सगळंच सांगावं लागेल, आणि माझी नोकरी अजून बरीच शिल्लक आहे. खोडेन की नाही, हे मला आज खरंच माहीत नाही. हा कागद घडी करून तुमच्या डब्यात ठेवते आहे, खडूखाली. कुठं पाठवणार?

तुम्ही विचारलं होतं ना, लिंब हाय का अजून. न्हाई बाबा. मी गेलेच नव्हते.