कन्या पुरेशी ओरडली नाही, म्हणून काढलेल्या मदतनीस ताईंबाबत

प्रति,
मा. अध्यक्ष,
बालक तपासणी समिती,
दुसरा मजला (लिफ्ट बंद).

विषय: कन्येस स्वमग्नता नसल्याचा आपला शोध व तिची मदतनीस काढून घेण्याचा आदेश रद्द करणेबाबत.

संदर्भ: आपले तीन ओळींचे पत्र, दिनांक ५ मार्च.

महोदय,

१. अर्जदार ही शिवणकाम करणारी बाई असून आठ वर्षांच्या मुलीची आई आहे. या मुलीची स्वमग्नता तिच्या तिसऱ्या वर्षी बालविकासतज्ज्ञांनी चार बैठका घेऊन लेखी दिली. आपल्या समितीने ती चार मिनिटांत बरी केली, त्यातलेही एक मिनिट सदस्यांच्या फोनवर गेले. एवढा हातगुण असलेली माणसे दुसऱ्या मजल्यावर नुसत्या सह्या करत बसतात, हे अर्जदारास ठाऊक नव्हते.

२. आपल्या तक्त्यातील रकाना सात 'नजरेला नजर देते का' असा असून त्यात 'होय' लिहिले आहे. खुलासा असा, की कन्या सदस्य महोदयांकडे पाहतच नव्हती. त्यांच्या चष्म्याच्या काचेत छताचा पंखा फिरताना दिसत होता, तो ती पाहत होती. तिने तसे सांगितलेही. शाळा आवडते का, असे विचारल्यावर ती म्हणाली, "हो. तुमच्या चष्म्यात पंखा आहे." त्यावर समिती पोट धरून हसली आणि शेऱ्यात 'विनोदबुद्धी उत्तम' अशी नोंद झाली. कन्येने जन्मात विनोद केलेला नाही. तिने दिसले ते सांगितले. समितीतल्या एकाला तरी तेवढे जमले असते, तर हा अर्ज लिहावा लागला नसता.

३. रकाना अकरा, 'मोठ्या आवाजाचा त्रास होतो का'. उत्तर 'नाही', कारण त्या चार मिनिटांत ती ओरडली नाही. सदस्य महोदय अर्जदारास म्हणाले, "अहो बाई, मुलगी चांगली शहाणी आहे. तुम्हीच लाडावून ठेवलीय." मुलगी शहाणी आहे हे अर्जदारास समितीच्या आधीपासून माहीत आहे. शहाणे मूल स्वमग्न असू शकते, एवढे तरी तपासणाऱ्यांना माहीत असावे. कोणी मूल बोलतच नाही, कोणी एकाच विषयावर अखंड बोलते, कोणाला स्पर्श सोसत नाही, कोणाला आवाज. म्हणून तर याला वर्णपट म्हणतात. अर्जदाराच्या दुकानातली नवशिकी कारागीरसुद्धा सगळ्यांना एकाच मापाचा झगा बेतत नाही.

४. शाळेची घंटा कन्येच्या वर्गाच्या दाराशी आहे. घंटेआधी दोन मिनिटे मदतनीस ताई तिच्या बाकावर पिवळे कार्ड ठेवतात. ते पाहून कन्या कानांवर हेडफोन चढवते. पूर्वी ती बाकाखाली शिरून घसा बसेपर्यंत ओरडत असे. न ओरडायला शिकण्यात तिची दोन वर्षे गेली. ती शिकली, म्हणून आपण ताईंना काढले. येत्या सोमवारपासून ताई नाहीत, आणि ताईंशिवाय तिला वर्गात बसवता येणार नाही, असे मुख्याध्यापिकांनी कळवले आहे. म्हणजे सोमवारी तिची शाळा संपते.

५. चौकशीस आले असता आपल्या कारकुनांनी उपाय सुचवला. फेरतपासणीला मुलीला हेडफोनशिवाय आणावे, जरा आरडाओरडा होऊ द्यावा, काम होऊन जाईल. अर्जदाराने त्यांचे आभार मानले. याची अर्जदारास आता लाज वाटते, आणि पुढे घडले त्याची त्याहून जास्त. घरी जाऊन अर्जदार कन्येवर खेकसली, "तिथे ओरडली का नाहीस?"

कन्येने बराच विचार केला. नियम सांगितला की ती पाळते. तिने विचारले, "किती वेळ ओरडायचं?"

६. फेरतपासणीसाठी कन्येला आणले जाणार नाही. आपण स्वतः शाळेत यावे, घंटेच्या वेळी तिच्या बाकाशेजारी बसावे आणि आदेश मागे घ्यावा. ते जमणार नसेल, तर निदान तिच्या प्रश्नाचे उत्तर सहीशिक्क्यानिशी द्यावे.

थोडी नम्रता अजून शिल्लक असलेली,
(सही)
कन्येची आई
दिनांक: ९ मार्च

सोबत:
१) आपल्या पत्राची प्रत.
२) बालविकासतज्ज्ञांचा अहवाल, पाने अकरा. (मागील वेळी न उघडता परत मिळाला.)
३) उत्तरासाठी कोरा कागद. अक्षर मोठे काढावे, कन्या स्वतः वाचते.