खुर्चीच्या पट्ट्याला शिवलेला फोम

बाई, शाळेत शिरल्याशिरल्या समोरच्या भिंतीवर आता तुमचा फोटो आहे. चष्मा नसलेला. कुणी निवडला कोण जाणे, चष्म्याशिवाय तुम्ही भलत्याच कुणीतरी वाटता, बँकेत काउंटरवर बसणाऱ्या बाईंसारख्या. मला बोलावलं म्हणून गेलो, नाहीतर मुलुंडला मी सहसा उतरत नाही. तुमच्या वर्गाच्या खोलीला तुमचं नाव देणार आहेत. माझी बहीण तुमच्या सगळ्यात जुन्या मुलांपैकी, म्हणून आमच्या घरातून कुणीतरी दोन शब्द बोलावेत असं संस्थेच्या लोकांचं म्हणणं. आई म्हणाली, तू बोल, तुझं तोंड चालतं. ते दोन शब्द लिहायला बसलो आणि हे लिहितोय. हे तिथे वाचण्यातलं नाही, एवढं मला आत्ताच कळतंय.

लिहायची मला सवय नाही, हे तुमच्याइतकं कुणाला माहीत असणार. नववी मी अर्धीच केली. नंतर मनोरीला एका कॉटेजवर गाद्या उचलल्या, टेम्पोवर क्लीनर झालो, गोव्याला एका हॉटेलात कांदे कापले, परत मनोरी. मनोरी मला आवडते. मार्व्याहून फेरीबोटीत चढलं की पाचेक मिनिटं आपण कुठलेच नसतो, ना इकडचे ना तिकडचे, आणि कोळणी टोपल्या मध्ये ठेवून एकमेकींना अशा शिव्या देतात की ऐकत राहावं. पण ते राहू दे. सांगायचं होतं ते खुर्चीचं.

आधी शाळेत काय मजा होती ते सांगतो, म्हणजे पुढचं किती लागलं ते कळेल. आम्ही भांडुपला, डोंगरावर. आई विक्रोळीच्या कंपनीत पॅकिंगला. वडील मी लहान असतानाच गेलेले. बहीण माझ्याहून दोन वर्षांनी लहान, बोलत नाही, पण पळते. पळते म्हणजे नुसतं दार उघडं दिसलं की बाण सुटल्यासारखी. गाडी, बैल, माणूस, तिला काही दिसत नाही. तिला तुमच्या खास मुलांच्या शाळेतून आणायचं काम माझं. तेव्हा मी स्वतःच्या शाळेत जाणं सोडलं होतं. दप्तर घेऊन निघायचो आणि विक्रोळीच्या खाडीकडे जाऊन तिवरांत खेकडे बघत बसायचो, नाहीतर तुमच्याकडे लवकर येऊन पायरीवर बसायचो. तुम्ही मला तिथेच पकडलंत. आठवतं? म्हणालात, "काय रे, तुझी शाळा तुला लवकर सोडते की तू शाळेला?" मी हसलो. मग तुम्हाला सगळं सांगून टाकलं. म्हटलं, आईला सांगू नका. तुम्ही म्हणालात, "नाही सांगणार. पण मग रिकामा बसायचं नाही, आत ये." मला वर्गात घेतलंत. तक्त्यांवर चित्रं चिकटवायला दिलीत, मुलांना गोष्ट वाचून दाखवायला लावलीत. मी अडखळलो की तुम्ही हळूच पुढचा शब्द सांगायच्या, मुलांना कळणार नाही असा. तुमच्या डब्यातली अर्धी भाकरी माझी असायची. माझ्या शाळेत सर मला हाक मारायचे ती आडनावाने, तीही चुकीच्या. तुम्ही मला बाळा म्हणायच्या. एवढ्यावर मी तुमच्यासाठी कुणाशीही मारामारी केली असती.

त्या दिवशी मी नेहमीपेक्षा फारच लवकर येतो. दार लोटलेलं आहे. आत मुलं चटईवर बसून टाळ्या वाजवतायत, आणि माझी बहीण खिडकीजवळ, तोंड भिंतीकडे, त्या लाकडी खुर्चीत. ती खुर्ची मला माहीत होती. ज्या मुलांना मान धरवत नाही, पाठ सरळ राहत नाही, त्यांच्यासाठी होती ती. पुढे फळी, कमरेला पट्टा, दोन पायांच्या मध्ये लाकडी ठोकळा. आमची बहीण तर पळणारी, तिला पाठ धरायला काय झालं होतं? तुम्ही वाकून पट्टा आणखी एक भोक पुढे ओढत होतात. वर्गात मदतीला असलेली मावशी मागे फडकं घेऊन उभी. बहिणीच्या फ्रॉकचा मागचा भाग ओला होता, आणि खुर्चीच्या पायाशी जे सांडलं होतं ते कडेने वाळून गेलेलं. तुम्ही मला बघितलंत. जराही दचकला नाहीत. म्हणालात, "रस्त्यावर गेली होती रे. गाडीखाली आली असती तर तू मला विचारलं असतंस ना, बाई काय करत होत्या?" मी म्हटलं, "कधीपासून बसलीय?" तुम्ही म्हणालात, "आत्ताच." आणि मी त्या वाळलेल्या कडेकडे बघत राहिलो. मावशी खाली बसली आणि फरशी पुसायला लागली, माझ्याकडे न बघता. रात्री आईला सांगितलं. आई भांडी लावत होती. म्हणाली, "बाईंना कळतं तुझ्यापेक्षा जास्त." विषय संपला.

पुढे दुसऱ्या एका मुलाच्या मांडीवर पट्ट्याचे वळ त्याच्या वडिलांना दिसले. ते रिक्षावाले, आवाज मोठा, त्यांनी शाळेच्या दारातच तमाशा केला आणि संस्थेला पालकांची सभा घ्यावी लागली. खुर्च्या गोल मांडलेल्या, चहा, बिस्किटं, अध्यक्ष कपाळाला आठ्या घालून. मला वाटलं, आता तुम्ही सांगाल. सांगाल की वर्गात मुलं भरपूर, माणसं दोनच, एखादं पळतं, एखादं चावतं, म्हणून बांधावं लागलं, माझं चुकलं. मी अगदी तयार होतो तुम्हाला माफ करायला. तुम्ही उभ्या राहिलात आणि म्हणालात, "मावशींना मी वारंवार सांगितलं होतं, त्या खुर्चीत चालत्या मुलांना बसवू नका. त्यांना आवरत नाहीत मुलं, मी दुसऱ्या मुलांत गुंतले की त्या बांधून मोकळ्या होतात." मावशी पाण्याच्या पिंपाजवळ उभी होती. ती पदराला हात पुसत राहिली. हात कोरडे होते तिचे.

मी उठलो. म्हटलं, "मावशीने नाही. बाईंनीच बांधलं. मी बघितलंय." अध्यक्ष म्हणाले, "तू कोण? शाळेच्या वेळेत तू इथे काय करत होतास?" आणि बाई, तुम्ही माझ्याकडे इतक्या मायेने बघितलंत की मला वाटलं आता माझ्या बाजूने बोलणार. तुम्ही म्हणालात, "हा माझा लाडका आहे. पण हा शाळेत जातच नाही. कितीतरी महिने आईला रोज खोटं सांगतोय, दप्तर घेऊन खाडीवर जातो. याचं किती धरायचं ते तुम्ही ठरवा." आई समोरच बसली होती. तिने माझ्याकडे मान वळवली नाही. रिक्षावाले म्हणाले, "च्यायला, पोरगं पण नमुनाच आहे," आणि दोन-तीन जण हसले. अध्यक्षपण हसले. मग चहा आला.

मावशीला दुसऱ्या दिवसापासून येऊ नको सांगितलं. खुर्ची तिथेच राहिली. फक्त तिच्या पट्ट्याला आतून फोम लावलात तुम्ही, वर निळं मखमली कापड, छान हाताने शिवलेलं. वळ उठायचे बंद झाले. ते टाके तुमचेच होते, मी ओळखतो, स्नेहसंमेलनाचे मुकुटपण तुम्हीच शिवायच्या. मला अजून मावशीपेक्षा, माझ्या नाचक्कीपेक्षा, तो फोम जास्त झोंबतो. बसून, सुई ओवून, विचार करून केलेली गोष्ट आहे ती. रागाच्या भरात माणूस पोराला बांधेल, मी समजू शकतो. फोम रागात शिवता येत नाही.

आता बहीण चोविशीची आहे, तुमच्याहून उंच झालीय. तिला कुठल्याही खुर्चीवर बसवलं की ती दोन्ही हात वर करते आणि थांबते. कुणीतरी पट्टा लावेल म्हणून. मागे घाटकोपरला डोसा खायला नेली, तर वेटर म्हणाला, "मॅडम, हात खाली घ्या, पंख्याला लागतील." मी पण हसलो त्याच्याबरोबर. मग तिचे हात धरून खाली आणले आणि डोसा मागवला. पंखा फारच खाली होता खरं तर, अशा हॉटेलात पंखे का लावतात इतके खाली, जाऊ दे.

तुम्ही गेलात तेव्हा मी मनोरीला होतो. आईचा फोन आला, मी म्हटलं, बोट नाही. बोट होती.

आता या नामकरणाच्या वेळेला मी आईला म्हटलं, "मी तिथे उभा राहून खरं सांगितलं तर?" आई कोबी चिरत होती. हल्ली तिचे गुडघे गेलेत, ओट्यापाशी स्टूल ठेवून बसते. तिने सुरी बाजूला ठेवली. दमली की ती मालवणीत जाते. म्हणाली, "माका सगळा म्हायत होता रे." मी विचारलं, काय माहीत होतं? म्हणाली, "मीच बाईंका सांगितलंय. त्या म्हणी, ही आवरणा नाय, घराक ठेवा थोडे दिवस. मी म्हटलंय, बांधा तिका, पण घराक पाठवू नकात. घराक ठेवलंय तर कामार कोण जातला? आणि तिका खंय ठेवतलंय मी, कुलूप लावून?" मी म्हटलं, मग सभेत का नाही बोललीस? आई म्हणाली, "बाईंनी माझा नाव घेतला नाय. मगे मी कित्या बोलतलंय?" आणि परत कोबी चिरायला लागली, आधीपेक्षा बारीक.

म्हणजे तुम्ही आईला झाकलंत. चार लोकांत तिची अब्रू जाऊ नये म्हणून तिची परवानगी तुम्ही गिळून टाकलीत. मी रात्रभर यावर विचार करत होतो असं लिहिलं असतं, पण खरं म्हणजे मी खाली जाऊन नाक्यावरच्या पोरांबरोबर कॅरम खेळलो आणि हरलो. माझं डोकं एका जागी बसत नाही. पण फिरून फिरून तिथेच येतं. आईला वाचवायचं होतं तर स्वतःचं नाव घ्यायचं ना, बाई. मी बांधलं, एवढंच. त्यात आईचं नाव कुठे येतं? तुम्ही पगाराने सगळ्यात लहान बाई शोधलीत, आणि जो पोरगा खोटारडा ठरू शकतो तो तर तुमच्या हाताशी तयारच होता, त्याचं गुपित तुम्हीच भाकरी देऊन काढून घेतलेलं. आणि तुम्ही दोघी, जिला घर चालवायचं होतं ती आणि जिला वर्ग चालवायचा होता ती, दोघींच्या मध्ये ती हात वर करून बसलेली. तिला कुणी विचारलं? मावशीला शोधत मी तिच्या जुन्या चाळीत गेलो होतो. तिथे आता टॉवर आहे. वॉचमन म्हणाला, कोण मावशी, इथे सगळे मॅडम आहेत.

मी का इतका पेटलोय, तेही सांगतो. आईला आता बहिणीच्या मागे धावता येत नाही. मी टेम्पो चालवतो, दिवसभर बाहेर. तिला पुन्हा कुणाच्या तरी हातात द्यायचंय. घाटकोपरला मोठ्या मुलांचं एक केंद्र आहे, सकाळी सोडायचं, संध्याकाळी आणायचं. परवा तिला घेऊन गेलो. तिथल्या मॅडमना मी म्हटलं, आधी खुर्च्या दाखवा. मग बाथरूमची कडी बघितली, आतून आहे का बाहेरून. मॅडम म्हणाल्या, "तुम्ही ॲडमिशनला आलाय की धाड टाकायला?" पट्ट्याची एक खुर्ची होती, तिच्यात एक मुलगा होता, त्याला खरंच पाठ धरवत नव्हती. मी विचारलं, याला उठवतं कोण? इथे कुणाला लागलं, खुपलं, तर जबाबदार कोण? त्या म्हणाल्या, "त्या वेळी जो वर्गात असेल तो. मी असेन तर मी. आणि तुम्ही कधीही या, फोन करायची गरज नाही." छान बोलल्या. तुम्ही पण छान बोलायच्या. त्यामुळे मला काहीच कळलं नाही, खरं बोलतायत की कसं. सोमवारपासून तिला सोडणार आहे, आणि टेम्पो त्या गल्लीतून फिरवत राहणार आहे, न सांगता.

तिथे दुपारची उसळ दिली सगळ्यांना. बहिणीने खाल्ली, कुणी न सांगता उठली, पळाली नाही, नळाखाली ताटली धुतली, मागची बाजूसुद्धा, आणि पालथी घालून ठेवली. मग हाताला लागलेलं पाणी झटकून बाहीचं सुटलेलं बटण स्वतःचं स्वतः लावलं, जीभ दातांत धरून. मॅडम बघतच राहिल्या. म्हणाल्या, "हे कुणी शिकवलं हिला? फार कष्ट घेतलेत कुणीतरी."

मी म्हटलं, "आमच्या बाईंनी."