पत्त्यांच्या टेबलाची खंडेनवमी

राजाजीनगर, बेंगळुरू
ता. १४ ऑक्टोबर

श्री. रा. रा. दामोदरपंत यांस,

नंदकिशोरचा साष्टांग नमस्कार. (साष्टांग हे लिहिण्यापुरतं. कंबर परवानगी देत नाही.)

वर 'रा. रा.' लिहावं की नेहमीसारखं 'दाम्या' लिहावं, यात माझी अख्खी सकाळ गेली. ज्या माणसाने आठ महिने आपला फोन उचलला नाही, मेसेजवर निळ्या खुणा उमटवून जो गप्प बसला, आणि जो राजाजीनगर सोडून येलहंक्याला मुलाकडे राहायला गेला हे आपल्याला दूधवाल्याकडून कळलं, त्याला एकेरीत हाक मारायचा हक्क आपल्याकडे उरतो का, असा तो प्रश्न होता. शेवटी वर रा. रा. आणि खाली दाम्या अशी तडजोड केली. तर दाम्या, तुझी शुगर कशी आहे? येलहंक्याची हवा मानवली का? तिकडे डोक्यावरून विमानं जातात म्हणे. आपण दोघांनी उभा जन्म विमानांच्या कारखान्यात घालवला (मी रंगतपासणीत, तू स्टोअर्समध्ये), आता निवृत्तीनंतरही ती तुझा पिच्छा सोडत नाहीत, याला भोग म्हणतात. आम्ही इकडे खुशाल. प्रमोदिनी म्हणते, भाऊजींची फार आठवण येते. मला येते असं माझं म्हणणं नाही, पण या घरात कोणाला तरी येते एवढं तुला कळावं.

पत्रास कारण की, मी एक टेबल केलं. पत्त्यांचं. स्वतःच्या हाताने.

आता टेबल का, तर फेब्रुवारीतल्या त्या रविवारमुळे. त्या रविवारची उजळणी करायची माझी इच्छा नाही, म्हणून थोडक्यात करतो. तू आणि मी भिडू, समोर गुरुप्रसाद आणि मल्लाप्पा. मेंढीकोटचा डाव रंगात आलेला. चारपैकी तीन दश्श्या त्यांनी गिळलेल्या, चौथी बदामाची तुझ्या हातात, आणि ती वाचली तर कोट टळणार. तेवढ्यात आमचं ते घडीचं पत्र्याचं टेबल हललं, तू ते सावरायला गेलास आणि दश्शी तोंड वर करून मधोमध पडली. गुरुप्रसादकडे बदामाचा राजा होताच. तुम्ही तिघांनी माझ्याकडे पाहिलं, कारण तेहतीस वर्षं पास-नापासचे शिक्के मारलेला माणूस चौघांत मी एकटाच. मी म्हणालो, पडलं पान ते खेळलं पान. वर असंही म्हणालो की टेबलाला कोपर तुझंच लागलं, तेव्हा तक्रार करायला जागा नाही. तू चष्मा घडी करून पेटीत ठेवलास, चपला घातल्यास, आणि बावीस वर्षांचा भिडू जिना उतरून गेला. मी वरून 'नियम म्हणजे नियम' असं ओरडत होतो. (खालच्या मजल्यावरच्या कावेरी अक्कांना वाटलं, पाण्याच्या मोटारीवरून भांडण चाललंय. त्यांनी घाबरून मोटार बंद केली आणि आमच्या टाकीत दोन दिवस पाणी नव्हतं.) प्रमोदिनी म्हणते, नियम बरोबर असेल हो, पण भिडू तुमचा होता.

तू गेल्यावर खेळ बंद पडला. मेंढीकोट तिघांत होत नाही. तिघांत फक्त ब्लडप्रेशरवर चर्चा होते. मध्ये गुरुप्रसादने मारतहळ्ळीहून आपला जावई वेदांत आणला होता. मुलगा गुणी आहे, पण तो पानं उलटी ठेवून कानातल्या फोनवर बोलत गॅलरीत जायचा आणि परत येऊन हुकूम काय ते विचारायचा. दोन रविवारांनंतर त्याचं ऑफिसचं काम एकदम वाढलं. तेव्हा मी शांतपणे विचार केला आणि या निष्कर्षाला आलो की यात माणसांचा दोष नाही, दोष टेबलाचा आहे. न डुगडुगणारं टेबल केलं की सगळं आपोआप जागेवर येईल.

लाकूड घेतलं खोक्यांचं पाईन. कापून दिलं दयानंद सुताराने, जोडणी मी केली (म्हणजे जोडलं त्याने, मी धरलं होतं). रंगाला मात्र मी कोणाला शिवू दिलं नाही. पाईनला शिसवी रूप द्यायचं, हा माझा बेत. हार्डवेअरच्या दुकानात गेलो तर तो मालक मला सांगायला लागला, "सार, पाईनला पैला सीलर मारा, मग कलर. न्हाई तर डाग पडतंय. स्वल्प दम धरा." मी ज्या पंखांना पास केलं ते पंख हिमालयावरून उडून आले, आणि हा मला डब्याच्या पाठीवरचा मजकूर वाचून दाखवतो! मी सीलर घेतला नाही. दुसऱ्या दिवशी टेबलाचा फळा गोवर उठल्यासारखा दिसू लागला. एकीकडे काळे ठिपके, एकीकडे तांबडे, मधे लाकूड जसंच्या तसं.

मग मी फोनवर एका दाढीवाल्या परदेशी गृहस्थाचा सल्ला ऐकला. त्याचं म्हणणं, फळ्याला आधी कडक चहा पुसायचा, मग भांडी घासायची लोखंडी तार तीन दिवस व्हिनेगरमध्ये बुडवून ते पाणी वर फिरवायचं, की लाकूड आपोआप काळंभोर होतं. आपण बेंगळुरूत राहतो म्हणून मी चहाऐवजी कॉफीचं पहिल्या धारेचं डिकॉक्शन वापरलं. (त्या दिवशी घरात जी कॉफी झाली तिचा उल्लेख करण्यात अर्थ नाही.) तीन दिवसांनी बरणी उघडून पाहतो तर व्हिनेगर नितळ आणि तार चकचकीत. घासणी स्टेनलेसची होती. गंज न चढणाऱ्या धातूंच्या सावलीत ज्याची हयात गेली त्याने हे करावं! दाम्या, हे तू मल्लाप्पाला सांगू नकोस. पुढे जुने गंजके खिळे टाकून ते पाणी केलं आणि फळ्यावर फिरवलं. रंग शिसवाचा आला नाही, पावसात राहिलेल्या विजेच्या खांबाचा आला. प्रमोदिनी बाहेर येऊन म्हणाली, "कधी जळलं?"

मग सगळं घासून काढलं. ऐंशी नंबरचा पॉलिशपेपर, त्यावर एकशेवीसचा, त्यावर दोनशेवीसचा. आठवडाभर आमच्या उपम्याला लाकडाची चव होती. शेवटी सीलर, मग रंगाचा पातळ हात, मग व्हार्निश. म्हणजे त्या दुकानदाराने सांगितलं होतं तेच, त्याच क्रमाने, फक्त पाच आठवडे उशिरा. (सीलर मी दुसऱ्या दुकानातून आणला. माणसाला काही अब्रू असते.) खंडेनवमीच्या आदल्या संध्याकाळी व्हार्निशचा हात दिला, टेबल हॉलमध्ये खिडकीशी ठेवलं आणि वर पाटी लावली: 'ओले आहे. कोणीही हात लावू नये.' रंग खरंच चांगला आला होता. अगदी शिसवी नाही, पण गुळाच्या पाकासारखा.

आता इथे यल्लव्वा येते. तू गेल्यानंतर आमच्याकडे कामाला लागलेली ही अथणीकडची बाई, साठीची, कामाला वाघ. खंडेनवमीला इथे आयुधपूजा म्हणून काय काय पूजतात ते तुला माहीत आहेच. मी स्कूटर धुवायला खाली गेलो होतो. तेवढ्या वेळात प्रमोदिनीने तिच्या हातात हळदीकुंकवाचं ताट दिलं आणि यल्लव्वाने मिक्सर पूजला, वॉशिंग मशीन पूजलं, माझं ब्लडप्रेशरचं यंत्र पूजलं (तेव्हापासून ते दहाने कमी दाखवतं), आणि मग ती खिडकीशी आली. पाटी मराठीत होती. यल्लव्वाला वाचता येतं ते कन्नड.

मी वर आलो तेव्हा फळ्यावर भस्माचे तीन आडवे पट्टे होते, हाताच्या चार बोटांनी नव्हे तर तीनच बोटांनी, अगदी रीतसर. मधोमध हळद आणि त्यावर कुंकू. ओल्या व्हार्निशवर चिकटलेल्या झेंडूच्या अकरा पाकळ्या. आणि चारी पायांखाली चार लिंबं, जशी गाडीच्या चाकांखाली ठेवतात तशी. म्हणजे जे टेबल डुगडुगू नये म्हणून मी दीड महिना रक्त आटवलं, ते लिंबांवर उभं राहून तालात डोलत होतं. मी काय बोललो ते इथे लिहीत नाही. यल्लव्वा जागची हलली नाही. "तुमीच केलाय न्हवं अण्णा हातानं? मग आवजार न्हाई तर काय हाय ओ ते?" मी पॉलिशपेपर उचलला तर प्रमोदिनी आडवी आली. भस्मावर पॉलिशपेपर, आणि तोही नवमीला? मी म्हटलं उद्या. तर उद्या दसरा. मी हिशेब केला की हळद उन्हाने यथावकाश उडेल, कुंकू फिकट होईल, पण भस्म ही राख, आणि राखेला आणखी काय होणार? शेवटी पाकळ्या नखाने खरवडल्या (सात निघाल्या, चार राहिल्या) आणि सगळ्याच्या वरून व्हार्निशचा शेवटचा हात मारला. भस्म आता कायमचं आत आहे.

नंतरच्या रविवारी गुरुप्रसाद आणि मल्लाप्पा टेबल बघायला आले. मल्लाप्पाने फळ्याला हात लावून तो डोळ्यांना लावला आणि खिशातून दहाचं नाणं काढून पट्ट्यांपाशी ठेवलं. गुरुप्रसाद म्हणाला, "सरी, टेबल फष्टक्लास झालंय. पण ह्याच्यावर पत्ते कसे बडवायचे रे अण्णा? देवाच्या कपाळावर गुलाम आपटल्यासारखं होतंय." दोघे हात मांडीवर ठेवून, सत्यनारायणाला आल्यासारखे बसून राहिले. कॉफी मी केली होती, त्यामुळे तीही कोणी प्यायलं नाही. शेवटी फरशी पुसत आलेल्या यल्लव्वानेच निकाल दिला. "गाडीला पूजा करतात की, मग गाडी चालवत न्हाईत काय? पूजा केल्यावर कामाला लावायचं असतंय. नुस्तं बघत बसलं तर त्याला वाईट वाटतंय." मल्लाप्पाने नाणं परत खिशात घातलं.

टेबल मजबूत आहे, दाम्या. काठोकाठ भरलेला पाण्याचा पेला मधे ठेवून मी चारी बाजूंनी जोर लावून पाहिला. थेंब सांडला नाही. मी स्वतः पास केलं. मग पत्ते पिसले, आणि पिसता पिसता लक्षात आलं की वाटायचे कोणाला. तीन खुर्च्यांवर तीन म्हातारे आणि माझ्या समोरची खुर्ची रिकामी. मी पत्ते परत पेटीत भरले. प्रमोदिनी म्हणते, रविवारी दुपारी हे त्या खुर्चीकडे बघत बसतात ते मला बघवत नाही. बायका उगाच वाढवून सांगतात.

असो. मुलाला आणि सूनबाईंना आशीर्वाद. गोड खाऊ नकोस. कळावे. लोभ होता तेवढा असावा, वाढवण्याचा आग्रह नाही.

तुझा (निकाल प्रलंबित असलेला) भिडू,
नंदकिशोर

ता. क. येत्या रविवारी, एकोणीस तारखेला, दुपारी चार वाजता टेबलाची त्रयस्थ तपासणी ठेवली आहे. खेळायला ये असं मी म्हणत नाही. स्वतः केलेल्या वस्तूवर स्वतःच शिक्का मारणं कारखान्याच्या नियमात बसत नाही, हे स्टोअर्सवाल्याला मी सांगायला नको. यशवंतपूरपर्यंत गाडीने ये, तिथे मी स्कूटर घेऊन उभा राहीन. स्कूटरला हार अजून आहे.

दुसरा ता. क. प्रमोदिनी म्हणते, दश्शी पडली होती, खेळली नव्हती. ती असंही म्हणते की त्या दिवशी टेबल भाऊजींच्या कोपराने हललं नाही, तुमच्या गुडघ्याने हललं, आणि ते तुम्हाला तेव्हाच कळलं होतं. चारचौघांत स्वतःची चूक दुसऱ्याच्या नावावर मांडली आणि वर नियम शिकवला, याची माफी मागितल्याशिवाय पाकीट बंद करायचं नाही, असा तिचा हट्ट आहे. तिच्या शब्दाबाहेर मला जाता येत नाही. तेव्हा, दाम्या, माफ कर.

तिसरा ता. क. प्रमोदिनी दसऱ्याच्या दुसऱ्या दिवसापासून म्हैसूरला लेकीकडे, शलाकाकडे आहे. पंचवीस तारखेपर्यंत येणार नाही. या पत्रात जिथे जिथे 'प्रमोदिनी म्हणते' असं लिहिलं आहे, तिथे घरात मी एकटाच होतो.